शेजारची सीट

४ फेब्रुवारी, मंगळवार

लायसन्स आलं. फोटोत मी चोरी करून पळणाऱ्या बाईसारखी दिसते.

यांना दाखवलं. डाव्या हातात धरून बराच वेळ बघितलं, उलटं करून मागची बाजूही बघितली — जणू खोटं असलं तर तिथे सापडेल! मग टेबलावर ठेवलं. बोलले काहीच नाहीत. बोलणार कसे. सप्टेंबरात झटका आला त्यात उजवं अंग गेलं आणि त्याच्याबरोबर शब्दही गेले. डॉक्टर म्हणतात, समजतं सगळं, फक्त ओठांपर्यंत पोचत नाही. 'हं' येतं. 'नाही' येतं. हो म्हणायचं असलं तरी 'नाही'च येतं, मग स्वतःवरच चिडतात.

छप्पन्नाव्या वर्षी लायसन्स. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, उशिरा शिकणारे जपून चालवतात. मला त्यांच्याकडे शिकायला आवडलं. माझी चूक झाली की त्यांचा आवाज चढायचा नाही, उलट खाली यायचा. आवाज खालीही येतो हे मला नवीन होतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज यांना शेजारी बसवून पहिल्यांदा गाडी काढली. बोलण्याच्या थेरपीला न्यायचं होतं. आत बसवतानाच घाम फुटला. आधी पाठ सीटला टेकवायची, मग डोकं वाकवायचं, मग एकेक पाय उचलून आत. पट्टा मी लावला. उजवा हात मांडीवर नीट ठेवला, तरी गाडी हलली की तो घसरून गिअरवर पडायचा. दर वेळी उचलून परत ठेवायचा. जड असतो. माणसाचा हात इतका जड असतो हे कळायला वेळ लागला.

यांनी डोळे मिटून घेतले होते.

पहिल्याच चौकात गाडी बंद पडली. मागून हॉर्न. चालू केली, परत बंद. आणि शेजारून आवाज आला — "क्लच!"

स्वच्छ, खणखणीत. पाच महिन्यांनी! मी स्टिअरिंग सोडून यांच्याकडे बघत राहिले. मागचे लोक हॉर्न वाजवून मेले असतील. हेही दचकले होते. स्वतःच्या तोंडाला हात लावून बघत होते.

थेरपिस्ट म्हणजे आमच्या लेकीएवढीच मुलगी. तिने टाळ्याच वाजवल्या. म्हणाली असं होतं, सवयीचे शब्द मेंदूत वेगळ्या कप्प्यात असतात — आकडे, प्रार्थना, शिव्या. जिथे ते आयुष्यभर वापरले तिथे गेलं की आपोआप सुटतात. रोज गाडीतून फिरवून आणा, म्हणाली, हेच औषध समजा.

लेकीला फोन केला. रडायलाच लागली.

९ फेब्रुवारी, रविवार

"गिअर." "आरसा." "ब्रेक, ब्रेक."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

यांचा जन्म मोडक्या गाड्यांत गेला. विमा कंपनीसाठी अपघाताच्या गाड्या तपासायचे. चेपलेला दरवाजा बघून सांगायचे, समोरून धडकली की उभी असताना कोणी घासून गेलं. लोक रडून भाकून गोष्टी रचायचे. हे सगळं ऐकून घ्यायचे, पत्र्यावरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "आता खरं सांगा." लोक सांगायचे!

गाडीवरून माणूस ओळखायचे. पांढरी गाडी घेणारा शेजाऱ्यांना घाबरतो. ज्याच्या गाडीत धुळीचा कण नाही त्याच्या घरात रोज भांडण. डिकीत चादर, उशी, पाण्याचा कॅन कायम तयार ठेवणारा कधी कुठे जात नाही. मला फार हसू यायचं. एकदा विचारलं, मग माझ्यावरून काय ओळखलंत? म्हणाले, "तुझ्या नावावर गाडीच नाही."

चार गाड्या झाल्या आमच्या. आमच्या म्हणजे यांच्या. पहिली खाकी रंगाची, मागचं दार दोरीने बांधलेलं. लेकीला दवाखान्यातून त्याच गाडीतून घरी आणलं, मी दोरी धरून बसले होते. दुसरी निळी. त्या निळीच्या स्टिअरिंगवर मी एकदा बसले होते, मोकळ्या मैदानात, लेक मागे. गाडी जाऊन कुंपणाला टेकली. रंगाचा टवकाही उडाला नाही. त्याच आठवड्यात यांचे मित्र जेवायला आले तेव्हा यांनी माझी नक्कल करून दाखवली — डोळे विस्फारलेले, स्टिअरिंगला घोरपडीसारखी चिकटलेली मी. सगळे पोट धरून हसले. मीही हसले, वाढता वाढता. त्यानंतर मी विचारलं नाही आणि यांनी म्हटलं नाही.

तिसरी, चौथी गाडी आली तेव्हा रंगसुद्धा कोणी विचारला नाही मला. राखाडी आवडतो का? आवडतो की. न आवडून सांगते कोणाला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आता वाक्यं येतात. आज, "डोळे फुटले का?" मग वळणावर, "कोणी दिलं हिला लायसन्स?"

थेरपिस्ट खूश. प्रश्न विचारला, म्हणाली! हा मोठा टप्पा असतो म्हणे. तिने माझ्याकडून ते वाक्य दोनदा वदवून घेतलं आणि टिपून ठेवलं. मीही हसले. खरंच आनंद झाला होता. अजून आहे. असावा.

ट्रकवाले मला आवडायला लागलेत. पूर्वी वाटायचं, हे राक्षस. पण नवशिक्याला तेच सांभाळून घेतात. आज चढावर माझी गाडी मागे यायला लागली, मागे मालाने भरलेला ट्रक. तो थांबला, लांब थांबला. हॉर्न नाही. वर गेल्यावर मी हात केला, त्याने दिवे लुकलुकवले. छोट्या चकचकीत गाडीतले लोक मात्र अंगावर येतात — त्यांचे हप्ते चालू असतात बहुतेक.

घराचा उंबरा ओलांडला की शब्द बंद. पुन्हा 'हं' आणि 'नाही'.

२३ फेब्रुवारी, रविवार

पेट्रोल भरायला गेले. टाकीचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते माझ्या लक्षात राहत नाही. उलट्या बाजूने नेली. पुढे मागे करताना यांनी खिडकीची काच खाली केली आणि पंपावरच्या माणसाला माझ्याकडे बोट करून सांगितलं, "ही बिनडोक आहे."

तो बिचारा हसावं की नाही अशा तोंडाने नळी धरून उभा.

लेकीला सांगितलं, तिला वाटलं मी कौतुकाने सांगतेय. "आई, अख्खं वाक्य गं!" म्हणाली. हो. अख्खं.

संध्याकाळी यांच्या सदऱ्याची बटणं लावत होते. यांनी डावा हात उचलला आणि माझी बट कानामागे सारली. नीट जमलं नाही, बोट डोळ्यात गेलं. तरी सारली. एकतीस वर्षांत कधी केलं नव्हतं. मी मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

एकाच माणसात दोन माणसं आहेत आणि एकाला औषध दिलं की दुसरा मरतो. असं कोणाला सांगणार?

१ मार्च, शनिवार

आज एकटी गेले!

सकाळी यांना सांभाळायला येणाऱ्या मावशी लवकर आल्या, म्हणून दवाखान्यात गाडी घेऊन गेले. (दाताचा दवाखाना — मी तिथे नंबर लावते, फोन घेते, रडणाऱ्या मोठ्या माणसांना धीर देते.) रस्ता तोच, चौक तोच, गाडी कुठेच बंद पडली नाही. गिअर लोण्यासारखा. दोन गाड्यांच्या मधल्या जागेत एका दमात लावली. खाली उतरून बघितलं, दोन्हीकडे सारखं अंतर! कोणालातरी दाखवावंसं वाटलं. कोणी नव्हतं. परत आत बसले. नुसतीच बसले.

म्हणजे मला गाडी येते. शेजारी कोणी नसलं की येते.

५ मार्च, बुधवार

थेरपीच्या इमारतीखाली गाडी मागे घेत होते. जागा अरुंद, मागे भिंत. हे सुरू झाले. "डावीकडे. डावीकडे. अगं डावीकडे." मी थांबले, परत पुढे घेतली. यांचा चेहरा लाल. आणि मग म्हणाले, "तुला काही जमत नाही. कधीच काही जमलं नाही."

हे गाडीचं वाक्य नाही. हे घरातलं आहे. मी ओळखते त्याला. लेकीचे मार्क कमी आले तेव्हाचं, माझी आई शेवटच्या दुखण्यात आमच्याकडे राहिली तेव्हाचं. झटक्याने यांची बायकोची आठवण पुसली असती तरी चाललं असतं, वाक्य मात्र जसंच्या तसं शिल्लक ठेवलं.

थेरपिस्टला सांगितलं. ती आनंदाने उभीच राहिली. एकापुढे एक दोन वाक्यं, स्वतःहून! म्हणाली, "काकू, हे तुमचं यश आहे."

७ मार्च, शुक्रवार

बॅटरीची वायर काढली.

९ मार्च, रविवार

सगळ्यांना सांगितलं, गाडी चालू होत नाही. मेकॅनिक गावाला गेलाय. लेकीला सांगितलं, मावशींना सांगितलं, यांना सांगितलं. यांनी ऐकून घेतलं.

वायर काढायला काही अक्कल लागत नाही. एक नट. यांच्याच पेटीतला पाना. आयुष्यभर बॉनेटपाशी टॉर्च धरून उभी राहिले आहे — "नीट धर, हलवू नकोस" — तेवढ्यात सगळं बघून झालं होतं. उघडं टोक कुठे टेकू नये म्हणून चिंधी गुंडाळली. वर बॉनेट लावलं. हात धुतले, भात लावला.

१३ मार्च, गुरुवार

थेरपीला भाड्याच्या गाडीने गेलो. परका ड्रायव्हर. मागच्या सीटवर दोघं शेजारी शेजारी, लग्नाला निघाल्यासारखे. हे खिडकीबाहेर बघत होते. एक शब्द नाही. माझ्या हातावर यांचा हात — तोच, जड. मी उचलून ठेवला नाही. राहू दिला.

१९ मार्च, बुधवार

शब्द गळायला लागले. थेरपिस्टने चित्रं दाखवली — चाक, आरसा, किल्ली. महिन्यापूर्वी झोपेत सांगितलं असतं. आज 'नाही, नाही, नाही'. कपाळावर घाम. ती म्हणाली, गाडी लवकर करून घ्या काकू, हा काळ परत मिळत नाही, आत्ता गेलं ते गेलं.

लेक म्हणाली, दुसरा मेकॅनिक बघ ना. बघते म्हटलं.

आणि घरी? घरी इतकं शांत आहे. संध्याकाळी दोघं खिडकीशी बसतो. मी दवाखान्यातल्या गमती सांगते — कवळी खिशात ठेवून त्यावर बसलेले आजोबा वगैरे. हे हसतात. पूर्वी माझी गोष्ट संपायच्या आत उठून जायचे. आता पटकन उठता येत नाही, हेही आहे. पण हसतात ते खरं हसतात, मी बघितलंय. जेवताना घास माझ्या हातून घेतात.

मला हाच माणूस हवा आहे. असाच. हे लिहिताना हात थांबला नाही, याचंच आश्चर्य वाटतंय.

२४ मार्च, सोमवार

यांना कळलं.

दुपारी दवाखान्यातून आले तर हे काठी घेऊन दारात उभे. मावशी म्हणाल्या, सकाळपासून गाडीकडेच बोट दाखवतायत. आमचं घर तळमजल्यावर, गाडी समोरच उभी. हात धरून नेलं. पाच पावलांचा रस्ता, किती वेळ लागला. गाडीवर धूळ बसलेली. यांनी काठीने बॉनेटवर टकटक केलं.

मी म्हटलं, मेकॅनिक येणार आहे. यांनी नुसतं बघितलं. परत टकटक.

आत वाकून खटका ओढला. बॉनेट वर केलं. हे एका हाताने गाडीला रेलून वाकले आणि यांचा चेहरा बदलला. सहा महिन्यांत तो चेहरा बघितला नव्हता — लोकांच्या गाड्यांपुढे उभे राहिले की असायचा तो. आजारपण नाही, तोंड वाकडं नाही, काही नाही. नजर सरळ बॅटरीवर गेली. वायर बाजूला झालेली. आपोआप सुटलेली वायर चिंधी गुंडाळून बसत नाही.

डाव्या हाताने चिंधी सोडायला लागले. मी मदत केली नाही. सुटली. सरळ करून बघितली. माझ्या जुन्या गाऊनची, जांभळी फुलं. मग माझ्याकडे बघितलं.

मी वाट बघत होते, आता म्हणतील, "आता खरं सांगा." शब्द असते तर म्हणाले असते. ओठ हलले. काही आलं नाही. माझ्याकडे होते शब्द, मीही काही बोलले नाही.

चिंधी खिशात घातली आणि घराकडे वळले.

२५ मार्च, मंगळवार

वायर जोडली. पहिल्या झटक्यात चालू झाली गाडी. यांना थेरपीला नेलं. चौकात मुद्दाम नाही, खरंच बंद पडली. हॉर्न. मी थांबून राहिले, आता 'क्लच' येईल. आलं नाही. हे समोर काचेतून बघत होते.

जाऊन येऊन एक शब्द नाही.

२ एप्रिल, बुधवार

रोज फिरवते. लांबच्या रस्त्याने, गर्दीतून, बाजारातून. मुद्दाम उलट्या बाजूने पंपावर नेली. चुकीच्या गिअरवर चढ चढवला, इंजिन गुरगुरायला लागलं, पूर्वी यांच्या अंगावर काटा यायचा. काही नाही. ओठ घट्ट.

शेवटी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली. म्हटलं, "अहो, काहीतरी बोला ना. शिवी द्या. बिनडोक म्हणा मला."

यांनी डाव्या हाताने आपला उजवा हात गिअरवरून उचलला आणि मांडीवर ठेवला. हात आता मला उचलू देत नाहीत.

८ एप्रिल, मंगळवार

बटणंही मावशींकडून लावून घेतात. मी जवळ गेले की थांबून राहतात, मी बाजूला होईपर्यंत. राग असता तर बरं. भांडी आपटणं, ताट ढकलणं, ते मला येतं सांभाळता. हे नवीन आहे. हे माझ्याकडे अपघातातल्या गाडीकडे बघावं तसं बघतात, तपासून झालेल्या.

खरं बोलायचं म्हणून जवळ बसले काल. म्हटलं, मी केलं ते, मला तुमची भीती वाटत होती. बोलायला लागलात की भीती वाटते. तुम्ही गप्प असलात की मला तुम्ही आवडता, कधी नव्हता इतके आवडता. तुमच्याशी हे मी आधीच बोलायला हवं होतं, पण कधी ऐकलंत?

ऐकलं. पूर्ण ऐकलं, मध्ये न उठता. डोळ्यांत पाणी आलं यांच्या. ते झटक्यानंतर कशानेही येतं, डॉक्टरांनी सांगितलंय. म्हणून धरून चालता येत नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

थेरपिस्ट आता मला आत बसू देत नाही. म्हणाली, ते एकटेच बसायचं म्हणतात, खुणेने. दाराबाहेर बाकावर बसते. आतून आवाज येतो, शब्द कळत नाहीत. एकच काहीतरी पुन्हा पुन्हा घोकल्यासारखं. थांबतं, परत पहिल्यापासून.

बोलतायत तर! माझ्याशी नाही एवढंच. तरी बाहेर बसून बरं वाटलं. वायरीने सगळं संपलं नव्हतं.

१७ एप्रिल, गुरुवार

लेकीचा फोन. आवाज वेगळाच. काल बाबांनी थेरपिस्टच्या फोनवरून तिला फोन केला होता. स्वतः बोलले. आठवडाभर त्या एकाच वाक्याची तयारी चालली होती म्हणे.

"मला तुझ्याकडे ने."

लेक म्हणाली, "आई, काय झालंय तुमच्यात?" मी वायरीचं सांगितलं. चिंधीसकट. ती म्हणाली, शनिवारी येते मी बाबांना न्यायला.

मी म्हटलं, "तू नको येऊस. मी आणून सोडते."